दाराची आतली बाजू

झुलाल मिस्तरी म्हणाला, सनमायका टाका वहिनी,
फडकं मारलं की झालं.
त्यानं रंगांचं पुस्तक उघडून दाखवलं.
दोनशे लाकडं, एकालाही वास नाही.
मी म्हटलं, आमच्या बांधावरचा निंब आहे हा,
रस्ता रुंद झाला म्हणून घरात आला.
आता इथंही त्याला झाकायचं?

मग मी डाग शोधायला लागले.

चहा उकळला, काळाकुट्ट, पाच पुड्यांचा.
लाकडाला नुसता घाम फुटल्यासारखा दिसला.
कात लावला, तर जिन्याच्या कोपऱ्यात
कुणी पान थुंकावं तसा.
हळद छान उठली. चार दिवस.
पाचव्या दिवशी खिडकीतून अडावदचं ऊन आत आलं
आणि तिला चाटून गेलं.
बीट तर विचारूच नका.

हे सगळं चाललं होतं दाराच्या आतल्या बाजूला,
मिठाच्या बरणीमागं,
दोन बोटं रुंदीचे पट्टे,
प्रत्येकाखाली पेन्सिलीनं तारीख.

रजूबाई उंबऱ्याबाहेरून डोकावली.
हाई काय शे? औषध लाई राहिनी का लाकूडले?
सांगितलं तर हसली, मग म्हणाली,
बाभळीची साल उकळ.
आमच्याकडं कातडं त्यातच मुरायचं.
शेवटचं वाक्य जरा हळू म्हणाली.
मी म्हटलं, आत ये ना, चव बघून सांग
पाणी किती आटवायचं ते.
ती आली. ओट्याला टेकून उभी राहिली.
ते पाणी जिभेला लावून आम्ही दोघींनी
एकाच वेळी तोंड वाकडं केलं.

साल झाली. आता लोखंड.
केळीच्या गाडीच्या फळ्यांतून उपसलेले गंजके खिळे,
गूळ, पाणी, मडकं, गच्ची.
वीस दिवस.
असा वास सुटला की मांजर
मागच्या गल्लीत राहायला गेलं.

मे महिना. दिवसा लावलं तर
हात पुढं जाईपर्यंत मागचं वाळतं, सांधे दिसतात.
म्हणून रात्री अकराला बसले,
पंखा बंद, भांडी खाटेवर, हर्षाली झोपलेली.
आधी सालीचं पाणी. ते सुकलं.
मग मडक्यातलं.
आणि निंब माझ्या डोळ्यांदेखत काळवंडत गेला,
आधी राखाडी, मग जांभळट,
मग खरपूस भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा.
मी बराच वेळ नुसती बघत बसले.

बोळा होता हर्षालीच्या पप्पांच्या शर्टाचा.
हे केळी कापतात. बावीस वर्षं यांचे शर्ट मी
लिंबानं, ताकानं, रॉकेलनं, शिव्यांनी धुतले.
केळीचा चीक जागचा हलला नाही.
बाजारातून नवा शर्ट आणला तरी
पहिल्या घडापासून तो जुना.

वरून जवसाचं तेल, पातळ, तीन हात.
तेलाची फडकी गोळा करून ठेवायची नाहीत, पेटतात,
म्हणून दोरीवर पसरली.
सकाळी शेजाऱ्यांना वाटलं
आमच्याकडं कुणाचं तरी काहीतरी झालं.

हात मात्र पंधरा दिवस काळे.
शाळेच्या मीटिंगला मी पदराखाली धरले,
सहीपुरते काढले.
घरी जेवताना यांनी माझा हात उलटा केला,
शेजारी आपला ठेवला,
आणि कळण्याचा घास तोंडात असतानाच म्हणाले,
आते तू बी आमना टोळीमा.

कपाटांबद्दल काहीच बोलले नाहीत.
रजूबाई म्हणाली, काळी घोडी दिसतात.
झुलाल मिस्तरीनं नख मारून पाहिलं
आणि चहा प्यायला.

आज मिठाला दार उघडलं.
हळद गेलीय, बीट गेलंय, चहा असून नसल्यासारखा.
सगळ्यात खाली एक पट्टा माझा नव्हता.
बोटानं ओढलेला, टोकाला ओघळलेला.
खाली पेन्सिलीनं वाकडी तारीख, कालची,
चारचा आकडा यांचाच, उलट्या खुर्चीसारखा.
चीक.
काल पाण्यासारखा असणार.
सकाळी तपकिरी होता.
आता संध्याकाळी पुन्हा मीठ हवंय असं म्हणून
मी दार उघडून बघतेय.